गाईधोंड्याखालचे दगड

डंडी,
६ मार्च २०१६

श्री. मर्डो गिलँडर्स यांस,

आपली एकदाच भेट झाली आहे. नोव्हेंबरात, चर्चबाहेर, पावसात तुम्ही सगळ्यांशी हात मिळवत होतात. मी डावा हात पुढे केला, कारण उजव्याच्या दोन बोटांना चिकटपट्टी होती. तुम्ही त्या बोटांकडे बघून म्हणालात, "तुम्हीही त्यातल्याच का?" हो, मीही त्यातलीच.

तुमचा फिनले आणि मी आठ वर्षं एकत्र चढत होतो. दोर नाही, खिळे नाहीत. दोन-अडीच पुरुष उंचीचे धोंडे, खाली एक जाड गादी, बोटांना खडूची पूड. पोटापाण्यासाठी मी शाळेत गणित शिकवते. मी आणि आणखी दोघं, असे आम्ही तिघं मिळून पश्चिमेकडच्या खोऱ्यांतल्या धोंड्यांचं एक पुस्तक करतो आहोत. कुठल्या धोंड्यावर कुठून चढता येतं, किती अवघड आहे, आणि पहिल्यांदा कोण चढलं, हे त्यात असेल. जो पहिला चढतो तो त्या चढाला नाव देतो. ते नाव पुढे कुणी बदलत नाही.

तुमच्या ग्लेन स्कॅवीतल्या गाईधोंड्याची पुढे झुकलेली बाजू चढून जायचा फिनले दोन वर्षं प्रयत्न करत होता. आमच्यात एक रीत आहे. एखादा माणूस एखाद्या चढामागे लागला असेल, तर तो चढ त्याला जमेपर्यंत बाकीच्यांनी तिकडे फिरकायचं नाही. म्हणून मी तो धोंडा अजून पाहिलेलाही नाही. गेल्या २६ सप्टेंबरला, शनिवारी संध्याकाळी, फिनलेने रस्त्यावरून फोन केला.

"झाला, ऊना. शेवटी झाला."

"नाव काय ठेवलंस?"

"ठेवलंय. पण आधी बाबांना सांगायचंय. ते हसले तर ठेवीन, नाहीतर दुसरं बघू."

नंतर आम्ही दोघंही कामात राहिलो, आणि पाच आठवड्यांनी त्याची गाडी बर्फावरून घसरली. नाव विचारायचं राहून गेलं.

त्याने ते तुम्हाला सांगितलं होतं का? त्याची चढायची एक वही असायची. ती तुमच्याकडे असेल आणि तुम्हाला बरं वाटत असेल तरच तीत बघावं. घाई नाही. पुस्तक सप्टेंबरात छापायला जाईल.

आपली,
ऊना पेट्री


धरणाजवळचे घर, ग्लेन स्कॅवी,
१९ मार्च २०१६

कुमारी पेट्री यांस,

तुमचे पत्र मिळाले. टपालगाडी इथे मंगळवारी आणि शुक्रवारी येते आणि मला पत्रे लिहायची सवय नाही, म्हणून उशीर झाला.

नाव त्याने मला सांगितले नाही.

त्या दिवसाबद्दल एवढे सांगू शकतो. मी एकतीस वर्षे इथल्या धरणावर नोकरीला होतो. निवृत्त झाल्यावरही अंगणातले पर्जन्यमापक रोज सकाळी नऊला वाचतो. २३ सप्टेंबरपासून २७ पर्यंत पावसाची नोंद शून्य आहे. वारा ईशान्येचा होता. धोंडा कोरडा असणार. फिनले सकाळी आठला गेला आणि उजेड असतानाच परत आला. बोटे सोललेली होती. मटणाचे सूप दोनदा घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो शहरात परत गेला.

वहीबद्दल. पोलिसांनी दिलेले पाकीट फडताळात आहे. त्यात घड्याळ, किल्ल्या आणि एक वही असल्याचे यादीत लिहिले आहे. पाकीट मी उघडलेले नाही. सध्या उघडणार नाही. राग मानू नये.

धोंड्याकडे मी जानेवारीत गेलो होतो, बऱ्याच वर्षांनी. घरापासून तीन मैल आहे आणि माझा गुडघा दुखतो. फिनलेला त्याच्या आईशेजारी पुरले आहे, ती जागा इथून साठ मैलांवर आहे. इथेही काही असावे असे मला वाटले. म्हणून धोंड्यामागच्या टेकाडावर मी दगडांची रास रचली. दगड शोधावे लागले नाहीत. धोंड्याच्या पुढच्या बाजूला, आडोशाला, चांगले सपाट दगड एकावर एक लावलेले होते. शेजारच्या शेतावर चर्स्टी म्हणून मेंढ्या पाळणारी बाई आहे. तिच्या नवऱ्याने, तो आता नाही, गाईंसाठी तिथे फरशी केली असावी. पूर्वी पावसात गाई तिथे उभ्या राहत, त्यावरूनच धोंड्याला नाव पडले. त्यांच्या खुरांनी तिथे मोठा खड्डा झाला होता, तो मला लहानपणापासून आठवतो. आता गाई नाहीत, तेव्हा दगड कुणाच्या उपयोगाचे नव्हते.

एकशे बेचाळीस दगड लागले. अठरा दिवस गेले. रास वाऱ्याने हलत नाही. कधी आलात तर पाहा.

मर्डो गिलँडर्स


डंडी,
२० जून २०१६

श्री. गिलँडर्स यांस,

हे पत्र मी पाय उशीवर ठेवून लिहिते आहे. घोटा मोडलाय. आधी तुमच्या मनात येईल त्या प्रश्नाचं उत्तर, कारण चर्स्टीबाई तुम्हाला सांगतीलच: हो, मी अकरा तारखेला आले होते. तुम्ही डोळे तपासायला इनव्हरनेसला गेला होतात. चर्स्टीबाई फाटकातच भेटल्या. मी आणि काल्डर पाठीवर गाद्या बांधून निघालो होतो.

"काय गं, डोंगरात पलंग टाकताय का?"

काल्डर म्हणाला, "पडायची सोय आहे, बाई."

"पडायची सोय करून जातात होय! न पडायची करा की."

त्यांचं ऐकायला हवं होतं.

काल्डर म्हणजे आमच्यातला सगळ्यात ताकदीचा गडी. एडिंबरात सुतारकाम करतो. त्याला जे जमत नाही ते सहसा कुणाला जमत नाही, आणि हे त्यालाही माहीत आहे. फिनलेने मला फोनवर सांगितलं होतं: "पहिली खाच छातीशी आहे. दोन्ही हात त्यात, पाय कपारीवर, आणि सुरू." आम्ही तिथे गेलो तर धोंड्याखाली नडगीभर पाण्याचा खड्डा. त्यात उभं राहिलं की खाच छातीशी नाही, डोक्याच्याही किती वर! काल्डर सहा फूट दोन इंच, त्याचीही नुसती बोटं टेकत होती. ती खाच अशी निसरडी आहे की नुसतं लोंबकळून तिथे कुणी राहूच शकत नाही.

काल्डर खड्ड्यात उभा राहून म्हणाला, "ऊना, फिनले उंचीने तुझ्याएवढा. तो काय गाईच्या पाठीवर उभा राहिला होता?"

"गाई नाहीत इथे."

"तेच म्हणतोय मी."

मी हट्टाने त्याच्या खांद्यावर चढून सुरुवात केली. तिसऱ्या पकडीपर्यंत गेले आणि सुटले. गादी खड्ड्यात धड बसत नव्हती. पाय गादी आणि दगड यांच्यामध्ये गेला. काल्डरने मला तीन मैल पाठीवरून आणलं आणि दर शंभर पावलांनी "गणिताच्या बाईंचं वजन किती?" म्हणून विचारत राहिला. माणूस वाईट नाही. पण गाडीत बसल्यावर तो म्हणाला, "तो चढ झालेला नाही. फिनलेला व्हावासा वाटत होता. दोन वर्षं एखाद्या गोष्टीच्या मागे असलं की माणसाला ती झाल्यासारखी वाटायला लागते."

मला ते पटत नाही. पण मी गणित शिकवते, आणि खाचेपर्यंत माझा हात पोचला नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

तुम्हाला काही माहीत आहे का? वही उघडली असेल तर त्यात काही आहे का?

तुमची रास पाहिली. सुंदर आहे. मी तिला टेकून बसले होते, काल्डर पाय बांधत असताना.

आपली,
ऊना पेट्री


डंडी,
१ ऑगस्ट २०१६

श्री. गिलँडर्स यांस,

माझ्या जूनच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. तुम्ही दुखावला असाल तर मी समजू शकते. कुणाच्या गेलेल्या मुलाबद्दल त्याच्या वडिलांना असं लिहायला नको होतं.

तरीही लिहिते आहे, कारण वेळ थोडा आहे. आमच्या या खेळात पंच नसतो. माणूस म्हणाला "चढलो", की तो चढला. सगळं त्यावर चालतं. म्हणूनच एखाद्याचं बोलणं खोटं ठरलं तर त्याने पूर्वी सांगितलेलं सगळंच लोक पुन्हा तपासायला लागतात. फिनलेचे या पुस्तकात एकतीस चढ आहेत. काल्डरने पुस्तकाच्या कामातल्या बाकीच्या दोघांना कळवलंय की गाईधोंड्यापुढे फिनलेच्या नावाखाली "दावा, सिद्ध नाही" असं छापावं. ते दोघं आता बाकीच्या तीसबद्दलही विचारायला लागले आहेत.

माझ्या हाताने मला ते छापायचं नाही. पण मला काहीतरी हवं. १५ सप्टेंबर शेवटची तारीख आहे.

प्लास्टर निघालं. काठी घेऊन चालते.

ऊना


धरणाजवळचे घर,
९ ऑगस्ट २०१६

कुमारी पेट्री यांस,

तुम्ही मला दुखावले नाही. दगड मी नेले.

तुमचे जूनचे पत्र वाचले त्याच दिवशी मला समजले. उत्तर दिले नाही, कारण आधी काम पुरे करायचे होते. ते शनिवारी पुरे झाले.

पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेलो. खड्ड्याच्या तळापासून खाचेपर्यंत सात फूट दहा इंच भरते. दगडांचा थर कुठपर्यंत होता त्याची खूण धोंड्यावर दिसते, त्याखाली शेवाळ वाढलेले नाही. ती तीन फूट सात इंचांवर आहे. राहिले चार फूट तीन इंच. फिनलेची छाती तिथेच येत असे. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर त्याच्या उंचीच्या खुणा मीच केलेल्या आहेत, अठरा वर्षांचा होईपर्यंतच्या.

परत येताना चर्स्टीकडे गेलो. ती मेंढ्यांचे खूर कापत होती. मी विचारले, "गाईधोंड्याखाली फरशी तुझ्या नवऱ्याने केली होती ना?"

ती म्हणाली, "माझ्या नवऱ्याने? अरे, त्याने जन्मात कधी स्वतःच्या दारातला धोंडा हलवला नाही, गाईंसाठी कुठला हलवणार! तुझा फिनले वाहत होता की. दोन उन्हाळे. जुन्या मेंढवाड्याच्या पडक्या भिंतीतले. मला विचारून नेले त्याने."

"मी जानेवारीत ते दगड उचलत होतो तेव्हा तू मला पाहिलेस."

"पाहिलं."

"मग सांगितले का नाहीस?"

"तू रास रचत होतास, मर्डो. पोराची रास रचणाऱ्या माणसाला काय सांगायचं, की हा दगड नको, तो घे?"

मग ती म्हणाली, "आणि मला तरी काय ठाऊक ते कशासाठी होते. मला वाटलं बसायला केलंय."

त्या रात्री नव्हे, पण त्या आठवड्यात मी पाकीट उघडले. वही त्यात आहे. तीत खड्ड्याचे चित्र आहे. दगडांचे थर त्याने बाजूने कापून दाखवले आहेत, धरणाच्या भिंतीचे दाखवतात तसे. खाली मोठे, वर सपाट, पाणी निघून जायला मधे फट. लहानपणी सुटीत तो माझ्या कार्यालयात बसून असले नकाशे पाहत असे. त्याखाली त्याने लिहिले आहे, "पडलो तर इथे पडता यावं." पहिल्या खाचेचे मापही आहे, चार फूट तीन इंच.

म्हणजे तुमचा घोटा माझ्यामुळे मोडला. त्याबद्दल मी क्षमा मागतो.

रास मी उतरवली आहे. सर्व एकशे बेचाळीस दगड चित्राप्रमाणे परत लावले. रचायला अठरा दिवस लागले होते, परत न्यायला चौतीस, कारण जुलैत पाऊस झाला आणि गुडघा सुजला. शेवटचे दहा दिवस चर्स्टी तिची चार चाकांची मोटारसायकल आणि मेंढ्यांची गाडी घेऊन आली. मी तिला बोलावले नव्हते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "धरणवाल्या, एक धरण बांधून पोट भरलं नाही का तुझं?"

टेकाडावर आता काही नाही. गवत पिवळे पडले आहे तेवढी गोल जागा दिसते.

आणखी एक गोष्ट मी मार्चच्या पत्रात लिहिली नव्हती. त्या संध्याकाळी फिनले सूप घेताना म्हणाला, "बाबा, एक गंमत सांगायचीये." रेडिओवर हवामानाच्या बातम्या लागल्या होत्या. मी हात वर केला. एकतीस वर्षे हवामान ऐकायची सवय. तो थांबला. बातम्या संपल्यावर मी विचारले नाही आणि तो झोपायला गेला. गंमत काय होती हे आता मला वहीवरून माहीत आहे. नाव शेवटच्या पानावर आहे. पण तुमच्याच रीतीप्रमाणे चढ खरा ठरल्याशिवाय नावाला अर्थ नाही, म्हणून आता कळवत नाही. वाचले तेव्हा मला हसू आले नाही, हेही सांगायला हवे.

काल्डर यांनी येऊन पाहावे. दगड मी उडी मारून तपासले आहेत. हलत नाहीत.

मर्डो गिलँडर्स


डंडी,
१४ ऑगस्ट २०१६

प्रिय मर्डो,

असंच लिहिते, रागावू नका. आणि मला "तुम्ही" म्हणू नका. मी फिनलेपेक्षा तीन वर्षांनी लहान आहे.

तुम्ही क्षमा मागायची नाही. तुमचं मार्चचं पत्र माझ्या टेबलाच्या खणात होतं. "धोंड्याच्या पुढच्या बाजूला सपाट दगड लावलेले होते," हे त्यात स्पष्ट लिहिलंय. मी ते वाचलं, तिथे जाऊन त्या खड्ड्यात उभी राहिले, वर त्याच दगडांच्या राशीला टेकून बसले, आणि तरी माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. वर्गातल्या मुलांना मी रोज सांगते, गणित आधी नीट वाचा.

काल्डरला फोनवर तुमचं पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, "खड्डा भरून सपाट करणं यात लबाडी नाही. मीही करतो." थोड्या वेळाने: "म्हातारा मला चहा देईल का?"

"का नाही देणार?"

"मी त्याच्या पोराला खोटा म्हणालो म्हणून."

"मग साखर मागू नकोस."

तो १० सप्टेंबरला, शनिवारी येईल. मला चढता येणार नाही आणि तीन मैल चालताही येणार नाही. म्हणून एक मागणं आहे. साक्षीदार तुम्ही व्हा. एवढंच बघायचं: दोन्ही हात पहिल्या खाचेत असताना त्याचे पाय दगडांवरून सुटले पाहिजेत. मधे त्याने जमिनीला किंवा गादीला पाय लावता कामा नये. आणि शेवटी वर दोन पायांवर उभं राहिलं पाहिजे. त्याआधी कितीही वेळा पडला तरी चालेल. मग मला जे पाहिलंत तेच लिहा. बाकीच्या दोघांनी कबूल केलंय की तुमच्या पत्रावर निर्णय होईल.

आणि त्याला झाला नाही तर तेही लिहा. मला माहीत आहे तुम्ही लिहाल.

तुमची,
ऊना


धरणाजवळचे घर,
११ सप्टेंबर २०१६

प्रिय ऊना,

जे पाहिले ते लिहितो.

पर्जन्यमापकात शून्य. आदल्या दोन दिवसांचेही शून्य. वारा मंद, त्यामुळे चिलटे फार. काल्डर सकाळी नऊला आला. चहा घेतला. साखर मागितली नाही, मी विचारून घातली. धोंड्यापाशी पोचल्यावर तो बराच वेळ दगडांच्या थराकडे पाहत राहिला, मग वर उभा राहून टाच आपटून पाहिली आणि म्हणाला, "सुतारालाही इतकं सपाट जमणार नाही." मी सांगितले की चित्र फिनलेचे आहे.

खाच त्याच्या छातीच्या थोडी खाली आली. तो उंच आहे.

मी वही आणली होती. प्रत्येक पकड कशी धरायची हे तीत लिहिले आहे. काल्डर म्हणाला, "आधी नको. आधी माझं मी बघतो." दहा वाजून वीस मिनिटांनी त्याने सुरुवात केली. पहिल्यांदा तो अर्ध्यापर्यंत गेला आणि पडला. दुसऱ्यांदा त्याहून वर. तिसऱ्यांदा अगदी वर, काठाला हात लागला आणि हात सुटला. त्यानंतर पाच वेळा तो तिथूनच पडला. काठ बाहेरून धरण्यासारखा दिसतो, पण गोल आहे. प्रत्येक वेळी तो गादीवर पाठीवर पडला आणि प्रत्येक वेळी मी थराकडे पाहिले. एकही दगड हलला नाही.

दुपारी त्याने पाव आणि चीज खाल्ले आणि बोटांना पट्ट्या गुंडाळल्या. चर्स्टी कुत्र्यासह वरून जात होती. तिने हाक मारली, "काय रे, अजून पडायचीच सोय चाललीये?" तो म्हणाला, "हो बाई, सोय उत्तम आहे."

मग तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वही आणलीय ना? आता वाचा. पण मी तिथे पोचल्यावर वाचा. मोठ्याने. तिथे लोंबकळून मला वाचता येणार नाही."

मी जवळचा चष्मा लावला.

दोन वाजून पाच मिनिटांनी दोन्ही हात पहिल्या खाचेत, पाय दगडांवरून सुटले. हे मी पाहिले. त्यानंतर त्याने जमिनीला किंवा गादीला पाय लावला नाही. काठाखाली पोचल्यावर तो ओरडला, "वाचा!"

मी वाचले. शब्द फिनलेचे आहेत, मी उतरवून देतो, म्हणजे पुस्तकात चुकायला नको.

"डावी टाच वर, कमरेइतकी. अजून वर. काठ दिसतोय त्याला हात घालायचा नाही, तो फसवतो. डावीकडे, काठाच्या खाली, अंगठा जाईल एवढी खोबण आहे. ती कुठूनच दिसत नाही. वाटतं त्याहून वीतभर पुढे आहे. शोधत बसायचं नाही. सरळ हात टाकायचा."

मी कधी कुणाला काही वाचून दाखवलेले नाही. आवाज पोचतो का कळत नव्हते, म्हणून शेवटचे वाक्य पुन्हा वाचले, मोठ्याने.

त्याने हात टाकला. "आहे," तो म्हणाला. मग ओरडून, "आहे! इथे आहे!" मग त्याचे पाय वर गेले आणि तो मला दिसेनासा झाला. मी मागे सरकून पाहिले. तो वर दोन पायांवर उभा होता. दोन वाजून सात मिनिटे.

तो काही वेळ तिथेच राहिला. मग काठाशी येऊन खाली बसला आणि म्हणाला, "मर्डो, मी वरून वाकूनही पाहिलं. ती खोबण वरून दिसत नाही, आणि खालून तर नाहीच. इथे लोंबकळून हात टाकल्याशिवाय ती कुणाला सापडायची नाही. हे लिहिणारा माणूस इथे आला होता. मी चुकलो. ऊनाला माझ्या नावाने लिहा."

त्याच्या नावाने लिहिले.

मी वही मिटली. तो वरून इकडेतिकडे पाहत होता. मग म्हणाला, "आणि आता उतरायचं कुठून?"

मी म्हणालो, "मागून वाट आहे की!"

आहेच. धोंड्याच्या मागच्या अंगाला उतार आहे. शेळीही चढेल असा. इथल्या प्रत्येकाला ती वाट माहीत आहे. फिनले सोललेली बोटे घेऊन घरी यायचा तेव्हा दर वेळी मी त्याला हेच म्हणत असे. "मागून वाट आहे की!" दोन वर्षे. त्याला ते आवडत नसावे असे मला वाटत होते.

वहीच्या शेवटच्या पानावर तारीख आहे, २६ सप्टेंबर २०१५. तिच्याखाली "नाव" असे लिहून पुढे तेच शब्द आहेत. मागून वाट आहे.

काल्डरला मी पान दाखवले, तो खाली आल्यावर. त्याने ते वाचले, धोंड्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. मग म्हणाला, "आठ वेळा पाठीवर पडलो मी. तुम्ही सकाळी सांगितलं असतंत तर."

तेव्हा मी हसलो. बराच वेळ हसलो. चष्मा काढावा लागला. काल्डर साक्षीला आहे.

त्याने तुला सांगितले होते ना, बाबा हसले तर ते नाव ठेवीन. ते नाव छाप.

मर्डो